तळ्याकाठी काढलेले जोडे

ऑफिसात सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. तिने ते कधी मनावर घेतलं नाही, कारण गेले तीन महिने ती खरोखरच दुसरं काही करत नव्हती. वीस वर्षांपूर्वी लोकांनी हौसेने रेकॉर्ड करून ठेवलेले धूसर व्हिडिओ लावायचे आणि मोजत बसायचं. लांडगा किती घावांत मरतो. तोडलेलं झाड किती वेळाने पुन्हा उगवतं. नावाडी एकदा पलीकडे गेला की किती मिनिटांनी परततो. 'धुक्यापलीकडे' हा एके काळी हजारो लोकांनी ऑनलाइन मिळून खेळलेला खेळ, तो त्यांना पुन्हा जसाच्या तसा उभा करायचा होता आणि हाती लागला होता अर्धाच. डोंगर, झाडं, आवाज, माणसांचे चेहरे जुन्या डिस्कवर सापडले. पण कुणाला काय मिळणार आणि कोण कधी मरणार हे ठरवणारा भाग मूळ कंपनीच्या मशिनवर होता. कंपनी बंद पडली तेव्हा ती मशिनं भंगारात गेली. थोडक्यात, घर सापडलं होतं, पण त्या घरात कोण कसं वागायचं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

बाळंतपणाच्या रजेनंतर तिला परत घेतलं होतं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. मुलगी दहा महिन्यांची. तिचं चांगलं नाव कागदावर होतं, घरात ती ढब्बू. सकाळी ढब्बूला पाळणाघरात सोडलं की संध्याकाळी तिला कडेवर घेईपर्यंत मोजणीबाई दर दहा मिनिटांनी फोन बघायची. फोन कायम कीबोर्डच्या उजवीकडे, पडदा वर करून. एकदाच डावीकडे ठेवला होता, त्याच दिवशी ढब्बूला ताप भरला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शिकलेली बाई, लोक हसले असते.

सोमवारी नणंदेचा फोन आला. ताई कॉलेजात असताना अभ्यासाला सुट्टी देऊन चार वर्षं हा खेळ खेळल्या होत्या. खेळातलं त्यांचं नाव 'आगलावी', आणि घरातल्यांचं म्हणणं होतं की ते नाव बाहेरही चाललं असतं. चाचणीसाठी बोलावलेल्या वीस जुन्या खेळाडूंत त्या होत्या.

"वहिनी, तळं बिघडलंय तुमचं."

"म्हणजे काय झालं, ताई? मासा लागत नाही?"

"लागतो गं. पण जोडे घातले तरी तेवढाच, काढले तरी तेवढाच."

"जोडे?"

"तळ्याकाठी गळ टाकायच्या आधी पायातले जोडे काढून ठेवायचे. मग काजळमासा लागतो. एवढंही ठाऊक नाही आणि खेळ बनवायला निघालात!"

काजळमासा म्हणजे या खेळातली पहिली पायरी. तो पकडून नावाड्याला द्यायचा, मग तो नदीपार नेतो. मासा नाही तर अलीकडेच बसा. त्यामुळे तळ्याकाठी प्रत्येकाला बसावंच लागायचं. वीसपैकी अठरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच लिहून पाठवलं होतं: बाकी सगळं छान, पण तळं ते नाही.

टीमचे प्रमुख मनापासून हसले. चहा कसा करावा हेसुद्धा ते फळ्यावर आकृती काढून सांगत, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. "अंधश्रद्धा! तूच मोजलंस ना? बारा वेळा गळ टाकला की सरासरी एकदा मासा. आपल्याकडे किती?"

"बाराला एकच."

"मग संपलं."

हिशोब चोख होता, तरी तिच्या मनाला काही स्वस्थता नव्हती. जेवणाचा डबा उघडून तिने तेच व्हिडिओ पुन्हा लावले, आणि या वेळी किती मासे लागले ते न मोजता कधी लागले ते लिहायला घेतलं. अर्धा तास डबा तसाच राहिला. एका माणसाने एकशे सतरा वेळा गळ टाकला होता, हाताला शेवाळसुद्धा नाही. मग त्याने जोडे काढले आणि पाठोपाठ तीन मासे. दुसऱ्या व्हिडिओत तेच, तिसऱ्यातही. जुन्या तळ्यावर मासे झुंडीने येत आणि मग तळं दुष्काळ पडल्यासारखं कोरडं पडे. त्यांच्या नव्या तळ्यावर मात्र सगळं कसं शिस्तीत, रेशनच्या रांगेसारखं.

मूळ खेळाचं गणित लिहिणाऱ्या माणसाचा पत्ता काढायला तिला दीड दिवस लागला. तो आता एका जलतरण तलावावर पोहायला शिकवत होता. फोनवर पाण्याचा धबाधबा, मधूनच शिट्टी.

"सर, मी त्या जुन्या खेळाबद्दल..."

"सर नको, इथे मला शिट्टीकाका म्हणतात. ए, काठावर पळायचं नाही! हां, बोला."

"तळ्यातल्या माशाचा जोड्यांशी काही संबंध होता का?"

पलीकडून मोठ्याने हसणं आलं. "लोक अजून जोडे काढतात? अहो, त्या वेळी आमचं मशीन इतकं मंद की दर वेळी नवा फासा टाकायला त्याला परवडायचं नाही. म्हणून मी आकड्यांची एक लांबच लांब यादी करून ठेवली. प्रत्येक खेळाडू त्या यादीत कुठेतरी उभा. गळ टाकला की एक घर पुढे. आकडा चांगला, तर मासा."

"आणि कोरडं जायचं ते?"

"ती माझी चूक. घाईघाईत एकच पान तीनदा चिकटवलं, आणि नेमकं वाईट पान. त्यात सापडला की बसला बिचारा."

"मग जोडे?"

"अंगावरचं काहीही बदललं की खेळाडूची नोंद नव्याने लिहिली जायची, आणि तो यादीत दुसरीकडेच कुठेतरी जाऊन पडायचा. जोडे काढा, टोपी काढा, अंगरखा काढा. कुणीतरी पहिल्यांदा जोडे काढले असतील, तीच रीत पडली." मग शिट्टी वाजली. "यादी मागू नका, नाहीये माझ्याकडे. पाय मार, पाय!"

तिला यादी मागायची गरजच नव्हती. सगळे खेळाडू एकाच यादीवर चालत होते, म्हणजे तिच्याकडचे दोनशे व्हिडिओ हे त्याच यादीचे तुकडे होते. फाटलेलं पत्र जोडावं तसे तिने ते बुधवारी आणि गुरुवारी एकमेकांना जोडले. चिकटवलेलं ते वाईट पान तिसऱ्यांदा जसंच्या तसं समोर आलं तेव्हा ती एकटीच "सापडलास!" म्हणून ओरडली, आणि शेजारचा चित्रकार दचकून म्हणाला, "कोण? ढब्बू रांगत कुठे गेली होती की काय?"

तिने सगळं सांगितलं तेव्हा मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला, पण त्यावर काही काढलं नाही.

"म्हणजे चांगला फासा काढायचा आणि खोटा घालायचा."

"खोटा नाही. जुना."

"उद्या दुपारी दोन तास चाचणी आहे. वीस जुने, दहा नवे. जुन्यांनी हाच तो खेळ म्हटलं पाहिजे, आणि दहा नव्यांतले सात शेवटपर्यंत बसले पाहिजेत. सहा बसले तर वरचे हा खेळ गुंडाळणार. आपण नऊ जण घरी." आणि तिच्याकडे बघून, "तू सगळ्यात आधी."

"माहीत आहे."

"नवा माणूस शंभर वेळा गळ टाकेल, काही लागणार नाही, शिव्या घालून निघून जाईल. जोडे काढ म्हणून त्याला कोण सांगणार? पाटी लावायची?"

"तेव्हा पाटी नव्हती."

"मग?"

"कुणीतरी सांगत असेल."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

तरी यादी घातली गेली, कारण यादीशिवाय जुने अठरा जण पुन्हा तेच लिहिणार होते.

शुक्रवारी साडेतीनला सगळे मोठ्या पडद्यासमोर उभे राहिले. खेळाडू आपापल्या घरी, पडद्यावर त्यांचे ठिपके: जुने निळे, नवे पिवळे. ऑफिसातल्या कुणीही खेळात शिरायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम. मोजणीबाईने फोन उजवीकडे ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. पाळणाघरातून फोन नव्हता. फोन नसणं चांगलं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

जुन्यांचं काम चार वाजताच झालं. "आता कसं!" "आलं रे आलं तळं ठिकाणावर." ताईंनी तर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "अखेर कुणीतरी डोकं वापरलं, आमच्याच घरातलं असणार." निळे ठिपके मासे घेऊन नावेत चढले आणि पलीकडच्या जंगलात पांगले.

पिवळ्यांचं तसं नव्हतं. एक जण वीस मिनिटांत गेला. त्याच्यामागून दुसरा. पावणेपाचला तिसरा, जाताना "हे काय आहे" एवढंच लिहून. उरले सात. त्यातल्या सहांना नशिबाने यादीतली बरी घरं मिळाली आणि ते पार झाले. सातवा तळ्याकाठी एकटाच बसला होता. त्याने स्वतःला नाव दिलं होतं 'भोपळा'.

भोपळा त्या वाईट पानाच्या अगदी सुरुवातीला उभा होता, हे फक्त तिला दिसत होतं.

चाळीस वेळा. पन्नास. एकसष्ट. त्याच्या आजूबाजूला काठावर जोड्यांचा नुसता खच, आणि तो त्यांच्या मधोमध जोडे घालून. एकदा उठला, एका जोडीभोवती फिरला. पुन्हा बसला. सांगणारे सगळे निघून गेले होते. मासा लागला की माणूस पलीकडे जातो, मग अलीकडच्याला सांगणार कोण? एवढी साधी गोष्ट तिने मोजलीच नव्हती.

भोपळ्याने लिहिलं, "कुणी आहे का?" थोड्या वेळाने, "एवढे जोडे का पडलेत इथे? सगळे बुडाले की काय?"

मास्तर तिच्या खुर्चीमागे येऊन वाकले. त्यांचा आवाज इतका हळू की चित्रकारालाही ऐकू जाऊ नये. "तुला त्याला यादीत पुढे ढकलता येतं ना?"

"येतं."

"मग ढकल. मासा लागू दे. कुणाला कळतंय?"

तिचे हात कीबोर्डवर गेले. आकडा बदलायला तीन सेकंद पुष्कळ. पाळणाघराच्या दारातून रोज ती जशी मागे वळून बघते, बाई नको म्हणत असताना पुन्हा आत जाते, तसेच ते हात आपोआप गेले होते. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी.

"मास्तर, उद्या असे हजार जण बसतील. मी किती जणांना ढकलत बसू?"

"उद्याचं उद्या. आज सात हवेत."

"पण आज मी ढकललं तर तळं चालतं की नाही, हे आपल्याला कळणारच नाही."

"आणि तो गेला तर?"

"तर मी जाईन." ती बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. हात तिने मांडीखाली दाबून ठेवले, लहान मुलं बसतात तसे. मास्तर सरळ झाले, एक येरझार घातली, परत आले. पाच वाजून दहा मिनिटं. भोपळा उठून उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला. माणूस खुर्ची मागे सरकवतो तेव्हा पडद्यावर असंच दिसतं, हे तिला शेकडो व्हिडिओ बघून ठाऊक होतं.

तेवढ्यात चित्रकार म्हणाला, "नाव परत येतेय. आत कुणीतरी आहे."

नावेतून आगलावी उतरली. अनवाणी, लंगडत. तिच्या मागून आणखी दोन जुने, तेही लंगडत. पलीकडच्या जंगलात काटे होते आणि हे सगळे शहाणे जोडे काठावरच टाकून गेले होते. गळ, आमिष, मासा घेतल्यावर पिशवीत जोड्यांना जागाच राहत नाही. परतावंच लागतं. वीस वर्षांपूर्वीही परतावं लागत असणार, आणि हे मात्र कुठल्याच व्हिडिओत आलं नव्हतं. मासा लागला की लोक रेकॉर्डिंग बंद करत.

"ए भोपळ्या," आगलावीने लिहिलं, "माझ्या जोड्यांवर उभा आहेस. हो बाजूला."

"सॉरी काकू."

"काकू कोण रे? किती वेळ झाला बसून?"

"तास होईल. हे तळं बंद आहे वाटतं."

"जोडे घालून बसलायस, मग काय होणार? काढ."

"चेष्टा करताय."

"नवीन दिसतोयस. काढ म्हणते ना!"

भोपळ्याने जोडे काढले. गळ टाकला. काही नाही. पुन्हा टाकला, काही नाही. जोडे काढून तो त्या पानातून सुटला होता, पण पडला तो दुसऱ्या साध्याच जागी. नऊ घरं पुढे मासा होता, हे तिला दिसत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं.

"फसवलंत काकू."

"टोपीपण काढ."

मागच्या दोघांतला एक मध्ये पडला. "टोपीचा काडीचा संबंध नाही. उत्तरेला तोंड कर रे तू."

"हो? तुझं तोंड वीस वर्षं उत्तरेलाच होतं, किती मासे लागले?"

"तुझ्यापेक्षा जास्त!"

"अरे जा, आधी स्वतःचे जोडे शोध."

भोपळ्याने टोपी काढली. मग उत्तरेला वळला. मग दोघांचं मन राखायला टोपी घालून उत्तरेला वळला. टोपी काढली-घातली की दर वेळी तो यादीत नवीनच ठिकाणी जाऊन पडत होता, आणि मोजणीबाई त्याच्या मागे धावता धावता दमली. आता आणखी दोघं नावेतून उतरले आणि तेही भांडणात पडले. एकाचं म्हणणं, बोलायचंच नाही, मासा ऐकतो. भोपळ्याने विचारलं, "मग तुम्ही सगळे इतके का बोलताय?" त्यावर सगळे निळे ठिपके एकदम हसले.

साडेपाचला पडदा काळा होणार, ही सूचना आली. मासा लागलेला नव्हता.

"थांबा, थांबा," भोपळ्याने लिहिलं, "उद्या किती वाजता उघडतं?"

"ते आतल्या लोकांना विचार," आगलावीने लिहिलं. "माझी वहिनी बसलीय तिथे, पण ती सांगायची नाही. नियमाची बाई आहे."

पडदा काळा झाला. मास्तरांनी कोपऱ्यातला आकडा दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला. "सात." मग वळले, तर खुर्ची रिकामी. ती दारात होती, पर्स खांद्याला, फोन हातात, तोंड घामेजलेलं. पाळणाघर सहाला बंद व्हायचं.

"अगं, निघालीस कुठे? वरचे फोनवर येतायत! त्यांना यादीचं कोण समजावणार?"

"फळा आहे की तुमच्याकडे," ती म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली.