पान नऊवरच्या तीन चांदण्या

"एक चूक. फक्त एक चूक काढून दाखवा," बिनचूक म्हणाले, "मिशी उतरवून तुमच्या हातात देतो."

बुधवारची सकाळ होती. टेबलावर दोन खोकी होती, प्रत्येकात साठ पुस्तकं, आणि छपाईच्या शाईचा वास अजून खोलीभर दरवळत होता. पुस्तकाचं नाव 'शुक्रवारची घाई'. चोवीस पानं, पानोपानी रंगीत चित्रं. शब्बाथ हा आठवड्याचा विसाव्याचा दिवस म्हणजे काय, तो कधी सुरू होतो, कधी संपतो, घरात कोणी काय करायचं, हे सहा-सात वर्षांच्या ज्यू पोरांना हसतखेळत कळावं म्हणून लिहिलेलं. लिहिलं बिनचूकांनी, छापलं बिनचूकांनी, तपासलंही बिनचूकांनीच. अकरा वेळा.

'बिनचूक' हे नाव त्यांना बायकोने ठेवलं होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्याच महिन्यात, आणि कौतुकाने अजिबात नाही. पण ह्यांनी ते पदवीसारखं मिरवलं, गल्लीनेही उचललं, आणि आता पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून "बिनचूकसाहेब" अशीच हाक मारायचा.

समोर चहा पीत दोघं बसले होते. एक धर्मगुरू, ज्यांना सगळे रब्बाय म्हणत. दुसरे बायकोचे भाऊ, म्हणजे बिनचूकांचे मेव्हणे, प्रार्थनाघराच्या शाळेचे सेक्रेटरी. शुक्रवारी सकाळी पहिलीच्या चोपन्न मुलांना त्यांच्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक मिळणार होतं, आणि एक मूल उभं राहून सगळ्यांसमोर एक पान वाचणार होतं. ते मूल म्हणजे बिनचूकांची नात ठकू. वर्षभर वाचनाच्या तासाला बाकाखाली लपणारी ठकू. "वाचीन तर आजोबांचंच वाचीन," असं तिने जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून आजोबा रात्री झोपेतसुद्धा जोडाक्षरं सोपी करत होते.

"नाहीतर मेंढरांचं पुस्तक आहेच माझ्याकडे," मेव्हणे म्हणाले. "चोपन्न प्रती. कपाटात तयार."

"मेंढरांचं पुस्तक!" बिनचूकांना ठसकाच लागला. "बारा पानं नुसती मेंढरं! त्यातून पोरांनी शिकायचं काय, चरायला?"

"निदान चूक तरी नाही त्यात."

"मी मिशीचं बोललोय, मेव्हणेबुवा. ऐकलंत ना?"

"ऐकलं. रब्बाय साक्षीला आहेत."

रब्बाय मात्र शेवटचं पान उघडून बसले होते. "मी तुम्हाला सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "लहान मुलांच्या पुस्तकात देवाचं नाव पूर्ण छापत नाहीत. नुसतं एक अक्षर छापायचं, तसा रिवाज आहे. मुलं पुस्तकं फाडतात. आणि एकदा पूर्ण नाव छापलं, की ते पुस्तक रद्दीत घालता येत नाही, पुरावं लागतं."

"रब्बाय, अर्धवट काम माझ्या हातून होत नाही," बिनचूक मिशीला पीळ देत म्हणाले. "आणि माझं पुस्तक रद्दीत जाईलच कशाला?"

तेवढ्यात कोपऱ्यात मांडी घालून बसलेली ठकू म्हणाली, "आजोबा, ही आई वेडी आहे का?"

"कोणती आई?"

"ही. पान नऊवरची. खिडकीत चांदण्या आल्यात, एक, दोन, तीन, आणि ही आत्ता काडी ओढून मेणबत्त्या लावतेय."

मेव्हण्यांनी कप खाली ठेवला आणि बोट ठेवून चांदण्या मोजल्या. शब्बाथच्या मेणबत्त्या शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी लावायच्या असतात. सूर्य बुडाला की काडी ओढायची नाही, काही कापायचं नाही, काही लिहायचं नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत. हे शिकवायलाच तर पुस्तक काढलं होतं. आणि पुस्तकातली आई, गोड हसत, भर शब्बाथमध्ये आग पेटवत होती.

"अकरा वेळा तपासलं ना?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"अक्षरं तपासली!" बिनचूक ओरडले. "चांदण्या कोण वाचतं?"

त्यांनी चित्रकाराला फोन लावला.

"खिडकी रिकामी रिकामी वाटत होती हो," चित्रकार म्हणाला. "म्हणून टाकल्या."

"पण तीनच का?"

"चौथी पडद्यामागे जात होती."

बिनचूकांनी फोन ठेवला आणि मिशीवर हात ठेवला. मेव्हण्यांनी बहिणीला विचारलं, "ताई, घरात कात्री आहे ना गं?"

"मिशी नंतर," बिनचूक दातओठ खात म्हणाले. "आधी पुस्तक."

उपाय त्यांनीच शोधला, त्यामुळे तो बिनचूक होता. मागे गोंद असलेला कागद घ्यायचा, त्यावर मावळतीचे नारिंगी सूर्य छापायचे, कात्रीने कापायचे आणि पान नऊच्या खिडकीवर चांदण्या झाकून चिकटवायचे. दुपारपर्यंत सूर्य तयार झाले. एक खोकं बिनचूक, बायको आणि ठकू यांनी घेतलं. दुसरं खोकं, कात्री आणि अजून कापायचे उरलेले सूर्य, जास्तीचे धरून दीडशे, घेऊन मेव्हणे त्यांच्या घरी गेले. "संध्याकाळपर्यंत उडवतो," म्हणाले.

उडवले. गुरुवारी सकाळी खोकं परत आलं. ठकूने वरचं पुस्तक उघडलं, पान नऊ पाहिलं, मान डोलावली. मग पान तेवीस उघडलं आणि तिचा चेहरा तिच्या आजीसारखा झाला.

"मामाआजोबा, शब्बाथ संपायला सूर्य कसा?"

झालं होतं असं, की चित्रकाराने पान तेवीसला तीच खिडकी परत वापरली होती. शनिवारची संध्याकाळ, तीन चांदण्या, शब्बाथ संपला. इथे चांदण्या हव्याच होत्या. मेव्हण्यांनी तिथेही सूर्य चिकटवला होता. साठही प्रतींत.

"तू म्हणालास खिडकीवर लाव," मेव्हणे म्हणाले. "मी खिडकी दिसली की लावत गेलो. मला काय माहीत तुझ्या पुस्तकात किती खिडक्या आहेत!"

"पान नऊ म्हणालो होतो! नऊ! नऊ म्हणजे तेवीस असतं का कुठल्या गावात?"

"ओरडू नकोस माझ्या भावावर," बायको म्हणाली. "चांदण्या तुझ्या, खिडक्या तुझ्या."

"आपलं खोकं ठीक आहे," बिनचूक स्वतःला समजावत म्हणाले. "साठ प्रती. पोरं चोपन्न. पुरे आहे. मेव्हणेबुवा, तुमच्या खोक्याला आता हात लावू नका. कृपा करून. हात जोडतो."

पण मेव्हण्यांच्या मनाला लागलं होतं. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता, आणि ते जास्त त्रासाचं. खोकं उचलून ते गुपचूप घरी गेले, कोमट पाण्याचा फडका घेतला आणि साठही पुस्तकांवरचे पान तेवीसचे सूर्य सोलून काढले. दुपारी छाती पुढे काढून परत आले. "घे. एकूण एक काढले."

बिनचूकांनी पुस्तक उघडलं. सूर्य गेला होता. चांदण्याही गेल्या होत्या. खिडकी गेली होती. पान तेवीसला रुपयाएवढं भोक होतं, आणि त्याच पानाच्या मागे, पान चोवीसला, जिथे मोठ्या सुंदर अक्षरांत प्रार्थना छापली होती, तिथे देवाच्या नावाच्या बरोबर मधून भिंत दिसत होती.

"मागे बघितलं नाहीत?" बिनचूकांनी भोकात बोट घालून विचारलं.

"मागे कशाला बघू? सूर्य पुढे होता."

रब्बायांना बोलावलं. ते आले, भोकातून आरपार बघितलं, आणि "मी सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. बिनचूकांना त्याचाच जास्त राग आला. "पुरावी लागतील," एवढंच म्हणाले. "आजच. नीट, मानाने. कब्रस्तानात आपली जागा आहे."

बिनचूकांनी दोन्ही खोकी दाराशी एकावर एक ठेवली. फाटकं वर, चांगलं खाली. मेव्हण्यांना दोनदा सांगितलं, "वरचं न्यायचं. वरचं." त्यांच्याकडून वदवूनही घेतलं. मग खड्डा खणायला माणूस बघायला ते स्वतः पुढे गेले, कारण खड्डा चौकोनी हवा होता.

एवढ्या पाच मिनिटांत बायकोने दाराशी झाडून घेतलं. झाडायला खोकी बाजूला केली. झाडून झाल्यावर परत रचली.

साठ पुस्तकं बंद खोक्यासकट मातीआड झाली. रब्बायांनी प्रार्थना म्हटली. बिनचूकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खड्डा मात्र खरोखर चौकोनी झाला होता.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या दालनात चोपन्न मुलं, त्यांच्या आया, आज्या, आणि पहिल्या रांगेत बिनचूक. मेव्हण्यांनी खोकं उघडलं, वरचं पुस्तक घेतलं, पानं फडफडवली, आणि भोकातून बिनचूकांकडे पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. एकाच डोळ्याने, पण झाली.

"वरचं म्हणालो होतो," बिनचूक पुटपुटले.

"वरचंच नेलं," मेव्हणे म्हणाले.

चांगली पुस्तकं उकरून काढू या का, असं बिनचूकांनी रब्बायांच्या कानात विचारलं. "पुरलेलं उकरत नाहीत," रब्बाय म्हणाले. मेव्हणे निमूटपणे कपाटाकडे गेले आणि मेंढरं बाहेर काढली. मुलांनी मेंढरं घेतली. एका पोराने तिथल्या तिथे "बें" करून दाखवलं.

ठकूची पाळी आली. तिच्या हातात मेंढरांचं पुस्तक ठेवलं, ते तिने खाली ठेवलं.

"मला आजोबांचं पाहिजे."

"अगं, ते फाटलंय, राणी."

"पान पाच नाही फाटलेलं."

रब्बायांनी स्वतः एक प्रत उचलून तिला दिली. "जपून धर हं." ठकूने पुस्तक दोन्ही हातांत धरलं, जीभ बाहेर काढली, परत आत घेतली, आणि वाचायला लागली. बाकाखाली लपणाऱ्या त्या पोरीने एकेका शब्दावर बोट ठेवत, दोनदा अडखळून, दोनदा स्वतःच सावरून अख्खं पान वाचलं: "बाबा म्हणाले, लवकर येईन. बाबा लवकर आले. आमच्या घरी दिलेला शब्द पाळतात. मोठी माणसं आधी पाळतात, मग लहान."

टाळ्या पडल्या. बिनचूक उभे राहिले, टाळ्या वाजवता वाजवता नाक पुसत होते. दोन दिवसांचा सगळा ताप उतरला. असू देत मेंढरं, जाऊ दे आवृत्ती, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"आजोबा," ठकू तिथूनच म्हणाली, खणखणीत, "मग मिशी कधी?"

अख्खं दालन वळून बघायला लागलं. मेव्हण्यांनी, माहिती म्हणून, सगळ्यांना किस्सा सांगितला.

"आज," बिनचूक म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पान पाच त्यांनीच लिहिलं होतं.

उरलेल्या फाटक्या प्रती खोक्यासकट पुरण्यात दुपार गेली. घरी पोचेपर्यंत ऊन भिंतीवर चढलं होतं. बायको मेणबत्त्या मांडत होती. "सूर्य बुडायला अर्धा तास आहे. काय करायचं ते पटकन कर."

बिनचूकांनी दाढी छाटायचं विजेचं यंत्र घेतलं आणि आरशासमोर उभे राहिले. ठकू स्टुलावर चढून बघत होती. यंत्र घरघरलं. मिशीची उजवी बाजू साफ झाली. सफाईदार, सरळ रेषेत. मग यंत्र डावीकडे वळलं, एकदा कुरकुरलं आणि बंद पडलं.

"चार्ज नाही केलं?" बिनचूक ओरडले.

"तू वापरतोस, तू कर," बायको म्हणाली.

"कात्री दे!"

"कात्री माझ्या भावाने नेली होती, सूर्य कापायला."

मेव्हण्यांना फोन लावला. कात्री त्यांनी आठवणीने परत केली होती. खोक्यात ठेवून दिली होती.

"कुठल्या खोक्यात?"

"आज पुरलं त्या."

वस्तरा त्या घरात कधी ठेवतच नसत, चेहऱ्याला पातं लावायचं नाही असा धर्माचा रिवाजच. यंत्राची वायर सापडली तेव्हा बायकोने काडी ओढली होती. ठकूने खिडकीतून पाहिलं. सूर्य अजून होता, छपराच्या जरा वर. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मेणबत्त्या पेटल्या, म्हणजे घरात शब्बाथ लागला, कापणं बंद.

बिनचूक डाव्या मिशीसकट प्रार्थनाघरात गेले. पहिल्या रांगेत त्यांची जागा राखलेली होती.

शनिवारी चार वाजल्यापासून ठकू खिडकीत बसली. तीन चांदण्या मोजल्याशिवाय आजोबांना यंत्राला हात लावू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पाच वाजता आभाळ भरून आलं. रात्र झाली तरी एकही चांदणी दिसली नाही.