चाळीस वेळा वाचवलेलं पोट

मित्रांनो, एकाच माणसाचे प्राण चाळीस वेळा वाचवणारी रबरी वस्तू जगात एकच, आणि ती मी. निदान आमच्या घरात तसा समज होता, आणि मीही तो मोडायला गेले नाही.

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. साच्यातून निघाले, औषधांच्या दुकानात टांगून घेतलं आणि शिंपीकाकांच्या घरी आले. वर्षातून दोन-तीनदा जेवणानंतर काकांच्या पोटात पीळ पडे. काकू मला गरम पाण्याने भरत. काका मला पोटाशी धरून मुटकुळं करून पडत आणि तासाभरात पुन्हा मशीनवर बसत.

"डॉक्टर कशाला? हिच्या हाताला गुण आहे," काकू म्हणत. मला हात नाहीत. पण कौतुकात कोण चुका काढतं?

एका दुपारी मात्र मला तीनदा भरलं तरी पीळ सुटेना. पोट तट्ट फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या.

"शेकलं की राहतं त्यांचं," म्हणत काकू पुन्हा पाणी तापवायला निघाल्या.

सुनेने विचारलं, "बाबा, वारा सरतोय का?"

"सुनेनं विचारायची गोष्ट आहे का ही?"

"सांगा हो. मी पेपरात देणार नाहीये."

"कालपासून नाही," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

तिने मला बाजूला सारलं आणि गाडी बोलावली. काकूंनी मला टॉवेलात गुंडाळून सोबत नेलंच.

स्कॅन झाला, लगोलग ऑपरेशन झालं. काकांच्या पोटात जन्मापासून पडद्याचा एक खिसा होता. पोटाच्या आतला हर्निया. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. आतडं त्यात शिरायचं, आपणहून बाहेर यायचं, आणि श्रेय मी घ्यायची. या खेपेला ते अडकलं. आणखी उशीर झाला असता, तर काळं पडलं असतं.

शुद्धीवर येताच काकांनी सर्जनबाईंना विचारलं, "खिशाचं तोंड शिवलंत ना? टाका कोणता घातलात?"

"उसवणार नाही असा."

"गिऱ्हाइकाला मीही हेच सांगतो," काका म्हणाले, आणि त्यांनी हळूच हात जोडले.

मी सुनेची जन्माची ऋणी आहे. तिने मला दूर केलं नसतं, तर मी काकांना मायेने शेकत शेकतच मारलं असतं. तेव्हा मित्रांनो, पुन्हा पुन्हा दुखणारं पोट माझ्या भरवशावर सोडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

हल्ली मी काकूंच्या टाचा शेकते. तक्रार मुळीच नाही. फक्त त्यांनी आधी पाय धुवावेत.