माझी मूठ जड झाली तेव्हा

मित्रांनो, शहापुरातल्या एका कॉलेजात, लोखंडी जाळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते ती मी, एक जुनी रायफल. रायफल म्हटल्यावर दचकू नका. मी कधी कुणाचा जीव घेतलेला नाही. माझ्या नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी कागदी गोलावर, नाहीतर त्यामागच्या मातीच्या ढिगात जाऊन विसावली आहे. एन.सी.सी.च्या मुलामुलींना नेम शिकवणारी मी, बारीक गोळीची रायफल.

कारखान्यात जन्मले तेव्हा मी फार देखणी होते. तुकतुकीत लाकडी दस्ता, निळसर झाक असलेली नळी, आणि मागे बोल्ट. दाराची कडी सरकते ना, तसाच हा बोल्ट सरकतो, आणि त्याच्या बाजूला एक वाकडी मूठ असते. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, गोळी घालायची, पुढे ढकलून मूठ पुन्हा खाली पाडायची. मूठ उचलताना आत नखाएवढ्या एका उतारावरून पोलादाचा दात वर चढतो आणि माझ्या पोटातली स्प्रिंग आवळली जाते. तो उतार स्वच्छ असला की मूठ दोन बोटांनी उचलली जाते. नसला तर माणसाचा दम काढते. माझी सारी गोष्ट त्या नखाएवढ्या जागेत घडली.

आमच्या खोलीचे राखणदार होते महिपतमामा. धसईचे, गळ्यात तुळशीची माळ, आणि कीर्तनाचं वेड असं की कुठल्या वाडीत वीणा उभी राहिली हे यांना बुवांच्या आधी कळायचं. दुसऱ्या दिवशी आम्हाला पुसता पुसता ते सगळं कीर्तन पुन्हा सांगत. अभंग गाऊन दाखवत, बुवांनी पखवाजवाल्याला मारलेली कोपरखळीसुद्धा सोडत नसत. खोलीत दुसरं कुणी नसे. आम्ही रायफलीच त्यांचा मंडप. मी लाकूड आणि लोखंड, पण नामाची गोडी मला कळली ती त्यांच्या तोंडून.

खंडेनवमीला ते आमची पूजा करत. बाकीच्यांच्या दस्त्यावर एकेक टिळा. मी मात्र लाडकी. "हिची शक्ती हितं हाय," असं म्हणून ते खोबरेलात कालवलेलं कुंकू माझ्या मुठीच्या मुळाशी बोटाने चोपत, वर अक्षता टाकत, झेंडूचं फूल ठेवत. डोळे मिटून हात जोडत. त्या दिवशी मला माझ्या लोखंडी जन्माचं सार्थक वाटायचं. एवढ्या मायेने कोण हात लावतं हो हत्याराला?

पण माया झाली तरी खोबरेल ते खोबरेलच. ते आटलं, चिकटलं. कुंकू आणि धूळ त्यात मुरली. वर्षावर वर्षं थर चढत गेले आणि माझ्या आतल्या उतारावर खरवड धरली. मूठ जड झाली. दणकट पोरं दोन्ही हात लावून ती हिसडत आणि म्हणत, "ही म्हातारी झाली." मग मला कुणी मागेना. सरावाच्या दिवशी सगळ्यांत शेवटी उरायची ती मी. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, मित्रांनो, की मी म्हातारी नाही, माझा सांधा धरलाय.

नव्वदच्या दशकातली ती अखेरची वर्षं. शेणव्याची संघरत्ना पथकात आली. चणीने बारीक, बोलायला मोजकी, नजर मात्र घारीची. उशिरा नाव दिल्यामुळे तिच्या वाट्याला मी आले.

तिने पोटावर पडून पहिली गोळी झाडली आणि ती मधल्या काळ्या गोलात बसली. मला अंगभर बरं वाटलं. मग दुसऱ्या गोळीसाठी तिने मूठ उचलायला घेतली, ती उचलेना. तिने जोर केला तसं कोपर जागचं हललं, खांदा सरकला, सगळी बसलेली मांडणी मोडली. दुसरी गोळी मातीत गेली. तिसरीही.

शेजारी पडून नेम धरणाऱ्या प्रज्वलने मान वळवली. "भाकर खाऊन नाय आलीस काय गो? मूठ उचलंना तर रायफल काय उचलणार?"

"तू तुझ्या गोलाकडं बघ," ती म्हणाली. "तुझ्या गोळ्या माझ्या कागदावर येतात."

आजूबाजूची पोरं हसली. ती हसली नाही. पथकाचे देवराम सर कागद बघून म्हणाले, "संघरत्ना, नेम आहे तुझा, पण हातात ताकद नाही. रविवारी शिबिरासाठी निवड आहे. बघ जमतंय का."

तिला जमवायलाच हवं होतं. तिची आई सोनूबाई घरी शिलाईचं काम करायची, आणि रविवार हा गिऱ्हाइकांचा दिवस. आईने स्पष्ट सांगितलं होतं, निवड झाली तर पुढंबी जा, नाय झाली तर ती कवायत पुरे, मशीनवर बस.

शनिवारी ती महिपतमामांकडे आली. "मामा, हिचा बोल्ट काढून दाखवा ना."

मामांनी तो काढून तिच्या हातात दिला. तिने मूठ फिरवून पाहिली, मग बोल्ट नाकाशी नेला. "हिला खोबरेल कुणी घातलं?"

"घातलं नाय गो. वाहिलं," मामा म्हणाले. "नवमीच्या पूजेला."

"त्यानंच धरलंय हे. आमच्या मशीनला आयनी एकदा खोबरेल घातलं होतं. चार दिस लोण्यावानी चालली, मग चाक फिरंना. घासून काढायला सगळी मशीन खोलाया लागली."

मामांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांच्या पूजेला कुणी बोट लावलं नव्हतं. "तुमच्यात देवाचं करत नाय," ते हळूच म्हणाले, "म्हणून माझ्या पूजेत खोट दिसतीया तुला."

संघरत्ना बौद्ध घरातली. हे वाक्य तिला टोचलं असणार. तिने बोल्ट मामांपुढे धरला. "पूजेत नाय, मामा," ती म्हणाली. "खोबरेलात."

मामांनी बोल्ट परत घेतला, मला जागेवर उभी केली आणि जाळीला कुलूप घातलं. ती बाहेर जरा थांबली, मग तिची पावलं लांब गेली. मला वाटलं, संपलं. तिची निवडही आणि माझा जन्मही. दोघांच्या मध्ये मी, आणि मला वाचा नाही.

रविवारी मात्र मामा लवकर आले. त्यांनी संघरत्नाला हाक मारली, सोबत प्रज्वलही डोकावला. मामांच्या हातात रॉकेलची वाटी, दात घासायचा जुना ब्रश आणि धुतलेलं फडकं होतं.

"काल मुरबाडला कीर्तन होतं," मामा खाली बसत म्हणाले. "बुवांनी गोकुळातली एक गवळण उभी केली. तिनं बाळकृष्णाला एवढं लोणी भरवलं, एवढं लोणी भरवलं, की पोराला ठसका लागला. बाकीच्या म्हणतात, बाई थांब. ती म्हणते, मी मायेनं भरवते. तर बुवा काय म्हणतात? माय तुझी गो, पण घसा त्याचा." त्यांनी माझा बोल्ट काढून मांडीवर घेतला. "सगळा मांडव हसला. मला हसू येईना."

संघरत्ना त्यांच्याजवळ बसली. "द्या, मी धरते."

रॉकेलचा थेंब आत गेला तसा मला कितीतरी वर्षांनी गारवा लागला. ब्रश फिरला. लाल-तपकिरी खपली सुटून फडक्यावर पडली, आणि त्यात एक अख्खा तांदूळ.

"मामा, भात लावला होता काय हिच्यात?" प्रज्वल म्हणाला. मामा ओशाळून हसले. मग प्रज्वलला जोर चढला. "जरा कानस मारू या का? एकदम गुळगुळीत होईल."

"हात लावशील तर बघ," मामा म्हणाले. "मळ काढायचाय, अंग नाय. पोलाद गेलं की परत येत नाय."

उतार कोरडा पुसून झाल्यावर संघरत्नाने खोलीतल्या डबीतलं मोहरीएवढं ग्रीस बोटावर घेतलं आणि बरोबर तिथेच लावलं, इतर कुठे नाही. मामांनी बोल्ट बसवला, मूठ धरली. ती नुसत्या बोटांनी वर आली. त्यांनी ती खाली पाडली, पुन्हा उचलली. मग माझ्या दस्त्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढी वरसं तुझा श्वास कोंडला मी, बाय."

मला राग कधीच नव्हता. पण माझं दुखणं त्यांनी ओळखलं, याने मी भरून पावले.

निवडीच्या वेळी संघरत्ना माझ्या दस्त्याला गाल टेकून पडली. पहिली गोळी सुटली. मूठ वर, मागे, पुढे, खाली. तिचं कोपर जिथल्या तिथे. श्वास ढळला नाही. दुसरी गोळी, तिसरी. प्रत्येक वेळी ती मला विसरून गेली होती, आणि चांगल्या हत्याराला याहून मोठा मान नसतो. सरांनी कागद उतरवून आणला तेव्हा काळ्या गोलात सगळी भोकं एकमेकांना खेटून होती. त्यांनी तिचं नाव वाचलं. प्रज्वल म्हणाला, "आज भाकरी दोन खाल्ल्यास वाटतं," आणि त्याने तिच्या हातातली पाण्याची बाटली स्वतः भरून आणली.

शिबिरात मला नेता आलं नाही. तिथल्या रायफली तिथेच मिळतात. सोनूबाईने शब्द पाळला, संघरत्ना पुढची वर्षंही येत राहिली. आता मी नावाला जुनी झाले आहे, पण मूठ अजून हलकी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अडत असेल. सायकल असेल, रहाट असेल, आजीची शिवणकामाची मशीन असेल. तिला म्हातारी म्हणून टाकू नका आणि वापरणाऱ्याच्या हाताला दोष देऊ नका. नुसती मायाही करू नका. तिचं कुठे दुखतंय ते उघडून बघा.

दरवर्षी नव्या पोरी येतात. त्यातली एखादी चणीने बारीक असते, मागे मागे उभी राहते. महिपतमामा कामावर होते तोवर साऱ्या रायफलींमधून मलाच उचलत, तिच्या हातात देत आणि म्हणत, "ही घे गो. ही समजून घेते."