थोरल्याच्या वाटणीच्या चकत्या

ऐक फक्त. मध्ये बोलू नकोस, पाचला तो शोरूमवाला माल न्यायला येणार आहे आणि आत्ता सव्वाचार झालेत, तेवढ्यात सगळं सांगून व्हायला हवं. आणि मी 'ती' म्हणून सांगते हं, 'मी' म्हटलं की लगेच स्वतःची वकिली करायला लागते, तुला माहितेय.

तर चकती. नाण्याएवढी, मधोमध कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा, आणि पाठीवर मामाच्या हातचा लाल ठिपका. सकाळचे साडेदहा, खिडकीतलं ऊन थेट टेबलावर, आणि ती चिमट्यात धरलेल्या त्या चकतीकडे बघत बसलीय, कारण तो लाल ठिपका तिथे असायलाच नको होता... हेडफोनच्या प्रत्येक बाजूला अशी एक चकती असते, आवाज काढते ती तीच, बाकीचं सगळं — पट्टी, गाद्या, वायर — तिचं घरदार. कारखान्यातून येतात त्या एकाच साच्यातल्या, पण सख्ख्या बहिणींसारख्या, तोंडवळा एक आणि स्वभाव वेगळे. म्हणून मामा एकेकीला रबरी कानावर बसवून मोजतो, कॉम्प्युटर तिच्या आवाजाची रेघ काढतो, ज्या दोघींच्या रेघा एकमेकींवर बसतात त्यांची जोडी, अंड्यांच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी. जोडी जुळली नाही की आवाज मधोमध न येता एका कानाकडे सरकतो. आणि जिला जोडच सापडत नाही तिच्या पाठीवर लाल ठिपका, तिची रवानगी खिडकीखालच्या बुटांच्या खोक्यात. खोक्यातली चकती कुठल्याही हेडफोनमध्ये जात नाही. चार वर्षांपूर्वी दोघांनी हा कारखाना — कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक गॅलरी — सुरू केला तेव्हा मामानंच घातलेला नियम.

आणि ही लाल ठिपक्याची चकती टायपिस्टबाईंच्या धाकट्यातून निघाली होती.

धाकटा म्हणजे आमचा साधा हेडफोन. कुणालाही परवडेल असा, दिसायला अगदीच भाबडा, पण विकत घेणारा दुसऱ्याला सांगतोच असा. आणि थोरला म्हणजे... थोरला म्हणजे तिची दोन वर्षं, बघ. त्याची किंमत धाकट्याच्या दहापट. मामा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, आपण चपला शिवणारी माणसं, आपल्याला मुकुट कशाला? आणि ती म्हणायची, मामा, मोठ्या कंपन्या उद्या धाकट्याच्या निम्म्या किमतीत तसलाच काढतील, मग आपण काय गॅलरीत झाडं लावायची? लहान माणसानं एकदा तरी मोठ्यातलं मोठं करून दाखवावं लागतं, त्याशिवाय त्याचं लहान कुणी खरं मानत नाही... असं ती त्याला म्हणाली, बँकेत म्हणाली, आईला म्हणाली, आंघोळ करताना नळाला म्हणाली. आणि ते तिला अजूनही पटतं. हे लक्षात ठेव, अजूनही पटतं.

टायपिस्टबाई बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतात. सोळा वर्षं. सहा-सात माणसं एकदम बोलतात, आणि कोण काय म्हणालं हे त्या कोण कुठे बसलंय त्यावरून ओळखतात — खिडकीकडचा साहेब, दाराकडची बाई. त्यांचा जुना धाकटा तीन वर्षं चालला, मोडला, त्यांनी नवा घेतला, आणि महिन्याभरानं पत्र आलं. जुन्यात समोरच्या माणसाचा आवाज माझ्या कपाळाच्या मधोमध यायचा, नव्यात तो डाव्या भुवईवर बसतो. एवढंच. तक्रारसुद्धा नाही, जणू हवापाणी कळवावं तसं. आणि मी काय लिहिलं असेल? मीच लिहिलं, मामानं नाही — मी लिहिलं की नव्या हेडफोनची कानांना सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय वयानुसार दोन कानांत थोडा फरक पडतोच, काळजी नसावी. काळजी नसावी! किती गोड लिहिलं होतं मी. त्या दिवशी थोरल्याची गादी चामड्याची की कापडाची हे ठरत होतं, मला वेळ नव्हता.

तर आज सकाळी तो हेडफोन टपालानं परत आला, दुरुस्त होत असेल तर बघा अशी चिठ्ठी लावून, आणि तिनं तो उघडला. उजवीकडे हा लाल ठिपका. तिनं खुर्ची सरकवून खिडकीखालचा खोका ओढला, झाकण काढलं. आत एक रबरबँड आणि थोडी धूळ.

मामा गॅलरीत सोल्डरिंग करत होता. ती दारात उभी राहिली. तिला वाटत होतं आपण आता ओरडणार, आवाजाची सगळी तयारी झाली होती, पण निघालं ते अगदी साधं.

"मामा, खोका कधी रिकामा झाला?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग वर केलं. "झाले की दोन महिने."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"इंजिनियरीणबाई, मी विचारलं होतं. तूच म्हणालीस, चालतंय रे, एवढं कुणाला ऐकू येणार आहे."

आणि तिला आठवलं... म्हणजे आठवलं असं नाही, ते तिथेच होतं, दाराआड उभं असावं तसं. थोरल्याला नुसती जोडी पुरत नाही ना, जोडी हवी आणि दोघी अगदी मधल्या रेघेवरच्या हव्यात. मग प्रत्येक पेटी आली की ती आधी सगळ्या रेघा पडद्यावर पसरायची आणि मधल्या उचलायची, मधल्या, सगळ्यात शहाण्या. त्यातल्या निम्म्या नमुन्यांत खर्ची पडल्या, उरलेल्यांतून बारा थोरले तयार झाले. मागे धाकट्यासाठी राहिल्या त्या कडेकडेच्या, एक उत्तरेला तर एक दक्षिणेला, त्यांना जोड मिळेना. ऑर्डरी तर द्यायच्या होत्या. मामा ट्रे घेऊन तिच्याकडे आला होता, ती मान वर न करता बोलली होती ते वाक्य... आणि मामा खोक्याकडे गेला होता. पंगतीत थोरल्याला वाढताना धाकट्याच्या ताटातली पोळी उचलली, आणि धाकट्याला म्हटलं, तुला भूकच कमी आहे.

"पण तू भांडायचंस ना माझ्याशी," ती म्हणाली. "एरवी चहात साखर जास्त झाली तरी भांडतोस."

मामा सोल्डरची तार सरळ करू लागला. म्हणाला, "दोन वर्षांत पहिल्यांदा तू शीळ घालत काम करत होतीस. म्हटलं राहू दे." आणि परत भिंग खाली.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही, उलट डोकं एकदम स्वच्छ झालं, पुसलेल्या पाटीसारखं. तिनं हिशेब लावला की असे किती धाकटे बाहेर गेले — एकतीस. एकतीस कपाळं. त्यांतल्या तीस जणांनी काहीच कळवलं नाही, आणि ती दोन महिने त्यालाच समाधान समजत होती.

दोन वाजता तिनं टायपिस्टबाईंना फोन लावला. आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आली, पाणी प्यायली, वाक्य पाठ केलं आणि मग लावला. म्हणाली, तुमचे कान ठणठणीत आहेत, चूक आमची आहे, मी लिहिलं ते खोटं होतं. बाई म्हणाल्या, "अगं बाई. मी तर मोठ्या बैठकांची कामं सोडून दिली. म्हटलं, आता आपल्याच्यानं होत नाही."

रागावून नाही गं, हसून. हसूनच म्हणाल्या. ती 'माफ करा' म्हणेपर्यंत त्या पुढे गेल्यासुद्धा, आणि काय विचारलं ठाऊक आहे? "तुमचा तो नवीन महागातला येतोय ना, त्यात तरी आवाज मधोमध येतो का? येत असेल तर सांग, मी साठवते पैसे. दिवाणाखालच्या डब्यात आहेत थोडे."

बघ म्हणजे. जे त्यांच्याकडे तीन वर्षं होतं, तेच. तेच आता दहापट किमतीला, आणि ते महाग झालं कारण आम्ही ते त्यांच्याच हेडफोनमधून काढून घेतलं.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि थोरला डोक्यावर चढवला. तिला वाटलं होतं आता तो वाईट वाटेल, पोकळ, नटवा, आणि मग सगळं सोपं होईल. नाही. पहिल्याच सुराला तो उघडला, आणि गाणारीनं ओठ विलग करण्याआधीचा श्वास, आणि मागे कुणीतरी खुर्ची अलगद सरकवलेली... दोन वर्षं ती ज्याच्यासाठी उपाशी राहिली ते सगळं तिथे होतं. खोटा असता तर मी त्याला आज भंगारात घातला असता. तो खरा आहे. ती पूर्ण गाणं बसून राहिली, मग हेडफोन काढला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, आणि त्याच थोरल्याच्या दोन्ही चकत्या उतरवून टायपिस्टबाईंच्या धाकट्यात बसवल्या. मामा दारातून बघत होता. त्यानं सोल्डरची तार पुढे केली.

पार्सल आत्ताच दिलंय मी, म्हणून इकडे खाली तुझ्याकडे आले.

आता थोरले बारा नाहीत, अकरा आहेत. आणि शोरूमवाल्यानं स्वच्छ सांगितलंय, आज बारा हातात दिलेस तर दुकानाची दर्शनी काच तुझी, नाहीतर ती दुसऱ्याला देतो, माझ्याकडे लोक रांगेत आहेत. मामा म्हणतो, दे अकरा, बारावा आठवड्यात देऊ म्हण, काचेत लागला की पैसे येतील, त्यातून थोरल्यासाठी वेगळ्या हजार चकत्या मागवू, मग धाकट्याला हात लावायची गरज नाही. बघ, मामा म्हणतोय हे! मुकुट नको म्हणणारा मामा. आणि त्याचं चूक नाही. पण तोवर त्या तीस जणांचं काय? त्या अकरांत बावीस चकत्या आहेत, म्हणजे अकरा जणांचे धाकटे परत मागवले तर त्यांचा आवाज मधोमध येईल. उरलेल्या एकोणीस जणांना पत्र लिहावं लागेल, खरं पत्र. आणि काच गेली तर थोरला परत कधी, एक वर्षानं, तीन वर्षांनी... मी तो करणारच, ते सोडणार नाही, मेले तरी नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या चकत्या मिळवून देईन. एवढं माझ्या आत घट्ट बसलंय आणि कालपर्यंत होती ती धाकधूक आता शोधूनही सापडत नाही. पण जिना चढून तो समोर येऊन उभा राहिला, हात पुढे केला, की अकरा म्हणायचं की एकही नाही म्हणायचं — ते तोंडून निघेपर्यंत मलाही कळणार नाही.

चल, पावणेपाच झाले. बोल आता. तू काय केलं असतंस?