विमलाबाईंचं निळं रीळ

यादीतलं सगळं मिळालं होतं, फक्त दोरा राहिला होता.

सुचेताने विमा कंपनीतली नोकरी सोडली त्याला तीन महिने झाले होते. दुपारी घर खायला उठायचं, म्हणून तिने सिल्व्हर पार्कमध्ये राहणाऱ्या संपदाचा गोधडीचा क्लास लावला. पहिल्याच रविवारी संपदाने सांगितलं, "मशीनचे दाते खाली करायचे, म्हणजे कापड आपोआप सरकत नाही. कापड आपण फिरवायचं. पेन्सिल जागेवर आणि कागद फिरतोय, असं समज." सरावासाठी बिनछापाचं फिकं कापड हवं होतं, टाके स्पष्ट दिसावेत म्हणून. सुचेताने मांजरपाट घेतलं. मध्ये घालायला कापसाचा पातळ थर, चौदा नंबरची सुई आणि कापडावर पकड राहावी म्हणून रबरी ठिपक्यांचे हातमोजेही घेतले. पण गडद रंगाचा सुती दोरा कुठेच मिळेना. दुकानदार म्हणायचे, "कॉटन का नहीं आता मॅडम, पॉलिस्टर ले जाओ."

इंद्रलोक वसाहतीतल्या घरी परतताना ती खारी गावातून चालली होती. एका बैठ्या घराच्या ओटीवर बटणं, नाड्या, दोरे मांडलेले दिसले. मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आत पडद्याआड खाटेवर कोणीतरी निजलं होतं.

"सुती दोरा आहे का, काका?"

त्यांनी डब्यातून गडद निळं रीळ काढलं. "ह्यो एकच हाय. माझ्या बायकोचा, विमलाचा. गोधड्या शिवायची ती. दोन वरसं झाली, उजवी बाजू गेली तिची." त्यांनी रीळ पुढे केलं. "न्या बाय. तिला आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी तीनला सुचेता मशीनवर बसली. धडा सोपा होता, नुसती गोल गोल वेटोळी काढायची. ती वेटोळीच काढत होती, निदान तिला तसं वाटत होतं. कापड उचलून पाहिलं तर त्यावर दोन पानं, एक लांबट मासा आणि त्याच्या शेपटीशी गाठीसारखं वळण होतं. तिला हसू आलं. नवशिक्याचा हात, दुसरं काय!

मंगळवारी पुन्हा तेच आलं. बुधवारी तिने मुद्दाम सरळ रेघ मारायची ठरवली. कापड पुढे ढकलताना मनगट अलगद वळल्यासारखं वाटलं, कोणी हातावर हात ठेवून वळवावं तसं. पुन्हा पानं, पुन्हा मासा.

गुरुवारी ती संपदाकडे गेली. संपदाने तिन्ही तुकडे एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. सुईची भोकं भोकांवर बसली.

"ट्रेस केलंस ना?"

"नाही गं!"

"मग पांढरा दोरा लावून बघू."

पांढऱ्या दोऱ्याने सुचेताची वेटोळी वेडीवाकडी, अगदी नवशिक्याची आली. संपदा हसली नाही. निळं रीळ तिने दोन बोटांनी उचलून सुचेताच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "परत देऊन ये."

सुचेता खारीला गेली. त्या काकांचं नाव आत्माराम. ते आनंदात होते.

"सोमवारपासनं हिचा हात हालतोय! तीनच्या सुमारास. चादरीवर बोट फिरवते. डॉक्टर बोलतात, बरं लक्षण हाय."

तीनलाच तर ती मशीनवर बसत होती. रीळ तिने बाहेर काढलंच नाही. "काका, मी घरी जाऊन फोन करते. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. हात हलला की सांगा."

पाच वाजता निळं रीळ लावून, फोन मशीनशेजारी ठेवून तिने पायाखालचं पेडल दाबलं.

"हालला!" फोनमधून आवाज आला.

तिने पाय उचलला.

"थांबला."

पुन्हा दाबलं.

"हालतोय बाय, हालतोय! पण तुमी काय करताय तिकडं?"

सुचेताने सांगितलं. मग आत्माराम हलक्या आवाजात म्हणाले, "बंद नका करू."

तिने बंद केलं नाही. भीती वाटायची, पण त्या म्हाताऱ्याला नाही म्हणवत नव्हतं. रोज थोडं थोडं ती शिवत राहिली. अकराव्या दिवशी रीळ संपलं. ती तशीच खारीला गेली. विमलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलला आणि सुचेताचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती. आत्माराम दारात उभे राहून डोळे पुसत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांत सुचेताच्या हातातून दोनदा कप निसटला. दुपारी तीनला उजवी बोटं बधिर व्हायची आणि अर्ध्या तासाने पूर्ववत. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले.

एके दिवशी दुपारी तीनला ती खारीला गेली. आतून पायमशीनचा आवाज येत होता. विमलाबाई मशीनवर वाकून बसल्या होत्या. मांडीवरून जमिनीपर्यंत अर्धी गोधडी पसरलेली, भरभर उमटणारे मासे आणि पानं. सुचेताची बोटं ओल्या कापसासारखी लोंबत होती.

"विमलाबाई," ती म्हणाली.

मशीनवरचा पाय थांबला. सुचेताच्या बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब आली. तिने मूठ मिटून पाहिली.

विमलाबाईंनी मान वळवली. आपण कोणाच्या बोटांचं बळ घेऊन शिवतोय ते त्यांना ठाऊक होतं, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. लाजही होती त्यात. "नातीची हाय," त्या अडखळत म्हणाल्या. "थोडीच राहिली, बाय."

सुचेता गोधडीकडे बघत राहिली. मग तिने स्टूल ओढलं, उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "शिवा."