साबण लावू नये

बाबाजीशेठची गाडी माझ्या दारात येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आली. बुधवारी सकाळी साडेआठला हॉर्न वाजवत हायवेवरून वळली आणि थेट माझ्या वॉशिंग सेंटरच्या उतारावर उभी राहिली. पांढरी, दोन दारांची, कापडी टपाची गाडी. बटण दाबलं की टप मागे दुमडून जातो तसली. आदेशच्या, म्हणजे शेठच्या मुलाच्या लग्नासाठी मुंबईहून सेकंडहँड आणलेली. आणि त्या सायीच्या रंगाच्या टपावर हळदच हळद.

आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. मंगळवारी डीजे लावून पंगत उठली आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की नवरदेवासोबत गाडीलाही हळद लावू. लावली. टपावर पंजेच्या पंजे उमटले होते. गुरुवारी दुपारी तीनला वऱ्हाड रोह्याला निघणार होतं आणि पेणमध्ये कापडी टपाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. ते काम पनवेलला रीतसर शिकलेली या भागात मी एकटी. म्हणून शेठ पेणहून माझ्या गावी, गडबला आले. नाहीतर त्यांनी माझ्या दारात पाऊल टाकलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी माझं दुकान पेणमध्ये होतं, एसटी स्टँडच्या मागे. चांगलं चाललेलं. शेठची काळी गाडी मी आतून साफ करून दिली आणि दुसऱ्या दिवशी ते बोंबलत आले, की गाडीत ठेवलेली पुष्कराजाची अंगठी गेली. भर रस्त्यात त्यांनी माझी पिशवी उपडी केली. डबा, कंगवा, माझ्या गोळ्यांची पट्टी, सगळं लोकांच्या पायांत. अंगठी निघाली नाही, पण 'चोर' हा शब्द निघाला तो निघालाच. चार महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. आता हायवेला डंपरचा चिखल धुते.

अंगठी सापडली होती. त्यांच्याच घरात, तांदळाच्या पिंपात, पंधरा दिवसांच्या आत. त्यांच्या आईनं, गोदूबाईनं, माप घालताना काढली. हे मला सोनीनं सांगितलं. ती त्यांच्याकडे भांडी घासते. म्हणजे शेठला माहीत होतं, त्यांच्या आईला माहीत होतं, सोनीला आणि मला माहीत होतं. फक्त लोकांना माहीत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. ज्या तोंडानं चार लोकांत चोर म्हटलं, त्याच तोंडानं चार लोकांत खरं सांगावं, एवढंच हवं होतं. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

"हौसे, उद्या दुपारपर्यंत चकाचक पायजे," शेठ गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "टप नवा दिसला पायजे. नि काय हातचलाखी नाय."

हातचलाखी! माझ्या हातात तेव्हा पाण्याची प्रेशर गन होती. डंपरच्या चाकातला वाळलेला चिखल उडवते ती. वीतभर अंतरावरून टपाच्या शिवणीवर धरली असती तर कापड उसवलं असतं. मी एक क्षण तो विचार केला, खोटं कशाला बोलू. पण मग मी तीच झाले असते जी ते मला म्हणत होते. गन खाली ठेवली.

त्या अंगठीनंतर मी एक रीत पाडून घेतली आहे. गाडी आली की माझी भावजय पूजा मोबाईलवर तिचं चारी बाजूंनी शूटिंग घेते. मी कार्डावर लिहिते, की गाडी कशी आली, काय करायचं, काय करायचं नाही. मालकाला वाचून दाखवते आणि सही घेते. शेजारी सुशीलची वडापावची गाडी आहे. तिथं चार माणसं कायम असतात आणि माझा आवाज मुळातच मोठा आहे.

मी टपावरून बोट फिरवलं. हळद धाग्यात शिरली होती, पण कोवळी होती. "शेठ, वरची हळद मऊ ब्रशनं झाडते. ओल्या फडक्यानं टिपते. मग गाडी आज दिवसभर नि उद्या दुपारपर्यंत उन्हात लावायची. पिवळं आपोआप उडतं."

"उन्हात?"

"उन्हात. साबण मात्र नाय लावायचा. हळदीला साबण चालत नाय."

शेठ सुशीलच्या गाडीकडे वळले. त्यांना हसवायला माणसं लागतात. "ऐकलं काय? उन्हात लावते म्हणं! ही गाडी धुते का पापड वाळवते?"

माणसं हसली. मीही हसले. "पापडच समजा," म्हटलं.

आता एक गोष्ट कबूल करते. दुसरं कुठलं गिऱ्हाईक असतं, तर मी उन्हाचं नावसुद्धा काढलं नसतं. 'स्पेशल फॅब्रिक ट्रीटमेंट आहे, साहेब, चोवीस तास लागतील' असं म्हटलं असतं आणि गाडी गुपचूप मागच्या अंगणात उन्हात लावली असती. गिऱ्हाईक खूश, टप स्वच्छ. धंदा असाच करावा लागतो. पण शेठला मी खरं सांगितलं. अगदी सरळ, एकही शब्द न फिरवता. माझ्या तोंडून आलेलं खरं त्यांना पचत नाही, हे मला पिशवी उपडी झाली त्या दिवसापासून ठाऊक होतं. हळदीचा कपडा कसा धुतात हे आमच्याकडे न्हाणीवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पण या माणसानं जन्मात स्वतःचा बनियनही धुतलेला नव्हता.

मी कार्ड वाचून दाखवलं. "टपावर हळदीचे डाग. साबण लावू नये. उन्हात ठेवावी."

त्यांनी कार्ड न बघताच सही ठोकली आणि दोन मिनिटांत त्यांचं मन फिरलं. "थांब, थांब. तुला गाडी दोन दिवस ठेवून घ्यायचीय. मग परत काय काय गायब व्हायचं! साबण लावायला हात झिजतात काय गो तुझे? माझे डायवर धुतील." आणि गाडी नेली.

पूजानं मोबाईल बंद केला. "ताई, ते साबण लावतील."

"लावू देत," मी म्हटलं आणि पुढचा डंपर घेतला. त्या दिवशी माझा हात फार हलका चालला.

चारला गाडी परत आली. पूजा मला बोलवायला धावली, पण मी आधीच बघितलं होतं. टप लाल झाला होता. पंजे तर लाल होतेच, पण साबणाच्या पाण्याबरोबर ते ओघळून कडेपर्यंत आले होते. मधे तीन ठिकाणी पांढरेफटक चट्टे होते आणि तिथले धागे फुलून वर आलेले. ड्रायव्हर लाल बघून घाबरले, मग त्यांनी बाथरूमचं ब्लीच ओतलं आणि तारेच्या ब्रशनं घासलं. न सांगता मला कळलं.

शेठ उतरले तेच ओरडत. "काय टाकलंस गो टपावर? काय केमिकल मारलंस? लग्नाच्या गाडीवर रक्त दिसतंय रक्त! चोर ती चोरच!"

सुशीलच्या गाडीवर सकाळपेक्षा जास्त माणसं होती, कंपनीची शिफ्ट सुटलेली. मी कार्ड काढलं आणि सुशीलच्या हातात दिलं. "वाच रे. मोठ्यानं वाच."

सुशीलनं झारा कढईवर आडवा ठेवला आणि वाचलं. "टपावर हळदीचे डाग. साबण लावू नये. उन्हात ठेवावी." मग थांबून म्हणाला, "खाली शेठची सही हाय." पूजानं शूटिंग लावलं. त्यात 'पापड वाळवते' हे शेठच्याच आवाजात होतं आणि सकाळी हसलेली माणसं आता पुन्हा हसली. या वेळी वेगळ्या बाजूनं.

गाडीच्या पुढच्या सीटवर गोदूबाई बसल्या होत्या. रात्रभर हळदीला जागून दुपारी झोपलेल्या, उठल्या तेव्हा टप रंगून झाला होता. त्यांनी दार उघडलं. "बाबा, हळदीला साबणाचा खार लागला की तिचं कुंकू होतं. शेंबड्या पोरीला ठाऊक असतं. तिनं खरं तेच सांगितलं होतं."

शेठचा आवाज खाली आला. "जातंय काय हे?"

"जातंय."

"कसं?"

"सांगते. पण मी सांगते ते खरं असतं, हे आधी तुम्ही सांगा. अंगठीचं."

शेठनी आईकडे बघितलं. गोदूबाई पदराशी चाळा करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. उद्या तीनला वऱ्हाड निघायचं होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"सापडली होती," शेठ पुटपुटले.

"ऐकू नाय आलं. पिशवी उपडी केली तेव्हा सगळ्या स्टँडला ऐकू गेलेलं."

शेठचे कान टपासारखे झाले. "अंगठी घरातच सापडली," ते मोठ्यानं म्हणाले. "हौसानं घेतली नव्हती."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की रडू येईल. नाही आलं. तीन वर्षांचा राग एका वाक्यानं विझत नाही. पण बरं वाटलं, फार बरं वाटलं, ते का लपवू?

"आता ऐका. साध्या पाण्यानं सगळा साबण काढायचा. मग लिंबाचं पाणी. लालाचं परत पिवळं होईल. मग ऊन, उद्या दुपारपर्यंत. पिवळं जाईल."

"नि हे पांढरे चट्टे?"

"ते हळदीचे नाय, शेठ. ते तुमच्या हातचे. ते राहतात."

पूजा लिंबं आणायला गेली. मी नवीन कार्ड घेतलं. गाडी आली तशी लिहिली: टप लाल, मधे तीन पांढरे चट्टे, धागे फुललेले, आधीपासून. खाली ओळ मारली आणि पेन पुढे केलं.

"सही करा."

या वेळी शेठनं खिशातून चष्मा काढला आणि ओळ न् ओळ वाचली.