पहिल्या नंबरचे हंबीरबाबा

त्या रविवारी जयसिंगपुरातल्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी दारातला चपलांचा ढीग लग्नापेक्षा मोठा होता. आत सहा-सातशे माणसं मांडी घालून एका पांढऱ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. पडद्याशेजारी हंबीरबाबा उभे. कफनी नाही, जटा नाहीत. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं आणि पुढ्यात लॅपटॉप. सन दोन हजार सात उजाडलं होतं, बाबा लोकांनाही काळाबरोबर चालावं लागतं.

"पावणं, मी अंगारा देत न्हाय!" बाबा माईकवर गरजले. "लिंबू कापत न्हाय, कोंबडं मागत न्हाय. मी तर म्हंतो, माझ्यावर इस्वासच ठेवू नका. यंत्राला इचारा! हाय का कोण कंपुटर शिकलेला? या वर!"

गर्दीतून एक जण उठला आणि मागच्या रांगेतून मी त्याला ओळखलं. तो दादासो होता, माझा विद्यार्थी. एसटी स्टँडजवळ माझा कंप्युटर क्लास आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर काम करणारा हा माणूस चाळिशीत माझ्याकडे शिकायला आला होता. मराठी टायपिंग दोन बोटांनी करायचा, पण एक अक्षर चुकू द्यायचा नाही.

बाबांनी सर्चची खिडकी उघडून दिली. दादासोनं टाइप केलं, 'मधुमेह कायमचा बरा'. पडद्यावर यादी आली. पहिल्या नंबरला 'हंबीर पंचरस', बाबांचं औषध. दुसऱ्याला पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्यालाही बाबाच.

"अकरा हजार पानं!" बाबांनी पडद्यावरच्या आकड्यावर काठी टेकवली. "डोळ्याची पापणी लवायच्या आत अकरा हजार पानं वाचली, आन् पयला नंबर कुणाला दिला?"

"बाबांना!" हॉल दणाणला.

"यंत्र लाच खातंय?"

"न्हाय!"

"यंत्र जात बघतंय?"

"न्हाय!"

दादासो पडद्याकडे बघत उभा होता. हा शेवटचा प्रश्न त्याच्या काळजात गेला, हे मला लांबूनही दिसलं. जाताना त्यानं पंचरसाच्या चार बाटल्या नेल्या.

त्याची मुलगी श्रुती अकरा वर्षांची. तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून रोज इंजेक्शन. बाबांनी कागदावर लिहून दिलं होतं: पंचरस दोन वेळा, आणि दर आठवड्याला इंजेक्शन थोडं थोडं कमी. महिन्यात बंद.

चार दिवसांनी हे कळलं तसा मी त्याच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट. देव्हारा नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव कृष्णेत सोडले, ते परत आले नाहीत. गल्लीत कुणाच्या अंगात आलं, तर लोक दादासोला बोलवायचे, कारण तो त्या अंगात आलेल्याला बेधडक उलट प्रश्न विचारायचा. असा माणूस.

"दादासो, तू बाबाच्या नादाला लागलास?"

"बाबाच्या न्हवं, सर." त्याला राग आला. "बाबा गेला खड्ड्यात. मी यंत्राचं ऐकलंय. लेथवर मायक्रोमीटर सांगंल तेच खरं, साहेब काय म्हंतोय ते न्हाय. आन् तुमीच शिकिवलंसा की. पयल्या पानावर येतंय ते बघायचं, दुसऱ्या पानावर कोन जात न्हाय."

हे मी खरोखरच शिकवलं होतं. दर बॅचला, फळ्यावर लिहून.

मी समजवायला बसलो. म्हटलं, आपण विचारल्यावर ते यंत्र जगभर धावत नाही. ते आधीच फिरून आलेलं असतं. एका पानावर दुसऱ्या पानाचा दुवा असतो, त्यावरून तिसऱ्यावर, असं जात जात सगळ्याची नक्कल करून नेतं. मग पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची करतं, कुठला शब्द कुठल्या पानावर. नंबर देताना बघतं, शब्द जुळतात का आणि किती दुसरी पानं या पानाकडे बोट दाखवतात. या बाबानं वेगवेगळ्या नावांनी बत्तीस वेबसाइट काढल्यात. त्या एकमेकींकडे बोट दाखवतात. चोराच्या बाजूनं चोराची भावकी साक्ष देतेय. औषध कुणाला लागू पडलं का, हे यंत्र बघतच नाही रे.

"मग डॉक्टरचं पान वर का न्हाय?"

"मराठीत कुणी लिहिलंच नाही. आठवडी बाजारात एकटीच बाई भेंडी घेऊन बसली, तर पहिला नंबर तिचाच."

"म्हंजे डॉक्टरकडं सांगन्यासारखं काय न्हाय," दादासो शांतपणे म्हणाला. "डॉक्टर म्हंत्यात जल्मभर सुई. तुमी बाप असता तर काय केलं असतंसा?"

मीनाबाई, त्याची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "सर, पोरगी रातीत चार बारी पानी प्यायला उठतीया. मला काय ते ब्येस वाटंना. पर मी अडानी, माझं कोन ऐकतंय?" श्रुती दारात बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. तिच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मी तिच्या डॉक्टरांना गाठलं. ते घरी येऊन ओरडून गेले. दादासोनं त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि पंचरस चालू ठेवला.

बोलून भागत नाही म्हटल्यावर मी काट्यानं काटा काढायचं ठरवलं. माझी चुलती चिमणाबाई, तिची गेंदी नावाची म्हैस. गेंदीचा फोटो काढला आणि क्लासच्या वेबसाइटवर एक पान चढवलं: 'म्हशीच्या हंबरण्याने मधुमेह कायमचा बरा'. बाबांच्या पानावरचे सगळे शब्द त्यात पेरले. जुन्या साठ-सत्तर विद्यार्थ्यांना गळ घातली, त्यांनी आपापल्या ब्लॉगवरून गेंदीकडे दुवे दिले. यंत्रानं म्हशीला पहिला नंबर दिला की तो कागद दादासोच्या हातात ठेवायचा, बस.

पण पानांची नक्कल करत फिरणारा यंत्राचा तो गडी यायला तर हवा! तो आपल्या सवडीनं येतो. त्याला निरोप धाडता येत नाही, हात जोडता येत नाहीत. रोज सकाळी क्लास उघडला की मी सर्च करायचो. गेंदी नाही. दुसऱ्या दिवशी, नाही. आठवडा गेला, श्रुतीचं इंजेक्शन अजून कमी झालं. त्यात बाबांच्या पानावर तिचाच फोटो आला: 'श्रुतीची सुई सुटत चालली! वडील दादासो यांचा अनुभव'. तो मजकूर दादासोनंच, एक अक्षर न चुकता, टाइप करून दिला होता. आयुष्यात इतका हताश मी कधी झालो नव्हतो. पोरीचा जीव जात होता आणि मी म्हशीचा नंबर लागायची वाट बघत होतो.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, गेंदी पहिली आली. बाबांच्या डोक्यावर. मी कागद छापून धावत सुटलो. दादासोच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या आक्का कट्ट्यावर बसल्या होत्या. "सकाळी पोरगी शुद्धीवरच येईना. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्हेलीया. तोंडाला कसला तरी ग्वाड ग्वाड वास येत हुता बघा."

शुक्रवारी पहाटे श्रुती गेली.

रविवारी बाबांची सभा होतीच. बाबांनी विचारलं, "हाय का कोण शिकलेला?" मी उठलो. तेच शब्द टाइप केले आणि पहिल्या नंबरचं पान उघडलं. पडद्यावर गेंदी आली, रवंथ करत. सगळा हॉल हसला. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"ही चिमणाबाईची म्हैस," मी म्हणालो. "हिला पहिला नंबर मी मिळवून दिला, माझ्या विद्यार्थ्यांकडून दुवे गोळा करून. बाबांनीही तेच केलंय, बत्तीस वेबसाइट काढून. यंत्राला म्हैस आणि बाबा यातला फरक कळत नाही. ते शब्द मोजतं, दुवे मोजतं. साखर मोजत नाही."

"यंत्र बिघडलंय!" बाबा ओरडले. "ह्यात कायतरी करणी हाय!"

मग मी खालचं, दुसऱ्या नंबरचं पान उघडलं. श्रुतीचा फोटो पडदाभर झाला. "ही पोरगी शुक्रवारी वारली. हिची सुई या बाबांनी सोडवली."

हसू थांबलं. बाबा मागच्या दारानं कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. लोकांनी उरलेल्या बाटल्या गटारात ओतल्या. मी जिंकलो होतो म्हणे. मला ओक्साबोक्शी रडू आलं.

पुढचंही ऐका. मी तक्रार द्यायला गेलो, तर हवालदारांनी विचारलं, "हे पान कुठल्या गावच्या हद्दीत येतंय?" मला सांगता आलं नाही. गेंदीचं पान मी त्याच रात्री काढून टाकलं, पण यंत्राकडची नक्कल तीन आठवडे तशीच राहिली. नृसिंहवाडीला दर्शनाला आलेले दोघे जण विचारत विचारत चिमणाबाईच्या गोठ्यापर्यंत पोचले. सोबत म्हातारी आई. "म्हस कवा हंबारती?" असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, तेव्हा ते माझ्यावरच चिडले. "खोटं असतं, तर पयलं कसं आलं असतं?"

महिन्यानं दादासो क्लासमध्ये आला. आपल्या नेहमीच्या कंप्युटरवर बसला.

"सर, तिचा फोटो हाय अजून त्या पानावर. बरी झाली म्हनून. त्यो काढा की."

"माझ्या हातात नाही रे ते. बाबाच्या हातात आहे, आणि बाबा सापडत नाही."

त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. मग म्हणाला, "तर मग खरं काय ते लिवू." आणि दोन बोटांनी टाइप करायला लागला. 'माझी मुलगी श्रुती, वय अकरा. मी तिचं इन्शुलिन कमी केलं म्हणून ती वारली. मी देव मानत नाही, पण पहिल्या नंबरला देव मानला. तुम्ही मानू नका. पोराला डॉक्टरकडे न्या.'

आम्ही ते पान चढवलं आणि पुन्हा त्या फिरत्या गड्याची वाट बघत बसलो. चोविसाव्या दिवशी ते यादीत आलं. नंबर चौदावा. दुसरं पान.

'दुसऱ्या पानावर कोणी जात नाही' हे वाक्य मी आता फळ्यावर लिहीत नाही. मुलांना सांगतो, यंत्र तुम्हाला फक्त सांगतं की कुणी काय लिहिलंय आणि त्याच्याकडे किती जण बोट दाखवतात. खरं-खोटं तपासायचं काम त्यानं कधी अंगावर घेतलेलंच नाही, ते तुमचं आहे. कुणी लिहिलं, त्याला त्यातून काय मिळतं, कुणावर तपासून पाहिलं, एवढं विचारा, आणि जिवाचा प्रश्न असेल तर उठून डॉक्टरकडे जा. आणि कधी 'मधुमेह कायमचा बरा' असं शोधलंत, तर एक विनंती आहे. पहिल्या पानावर थांबू नका. दुसऱ्या पानावर, चौदाव्या नंबरला, दादासो बसलाय.